शाल नको, गिऱ्हाईक हवे

मी मास्तर, त्यातून कादंबऱ्या लिहिणारा. बाजारातले मला काय कळणार, असे कोणी म्हणाले तर ते मला कबूल आहे. पण न कळणाऱ्याच्या सल्ल्याची किंमत किती असते, हे मला चांगले कळले आहे; कारण ती माझ्या एका विद्यार्थ्याने भरली.

या पोराने भुईमुगाच्या शेंगा फोडण्याचे हातयंत्र केले. शेंगा फोडून आईची बोटे सोलवटलेली त्याने पाहिली होती. यंत्र घेऊन तो माझ्याकडे आला आणि म्हणाला, "सर, आता पुढे काय करू?"

मी ऐटीत सांगितले, "प्रदर्शनात मांड. चांगल्या मालाला जाहिरात लागत नाही."

त्याने मांडले. शाल मिळाली, श्रीफळ मिळाले, टाळ्याही मिळाल्या. वर्षभरात एका व्यापाऱ्याने हुबेहूब तसलेच यंत्र विकायला काढले! पेटंटचा अर्ज आम्ही केलाच नव्हता. आणि चारचौघांत उघड झालेल्या यंत्राला मागाहून पेटंट मिळणे दुरापास्त. आधी नुसता तात्पुरता अर्ज केला असता, तरी पुरा तपशील द्यायला बारा महिने मिळाले असते.

चांगला माल आपोआप खपतो, ही आमची लाडकी समजूत साफ खोटी आहे. लक्ष्मणराव किर्लोस्करांचा लोखंडी नांगर काय वाईट होता? १९०३ साली तो तयार झाला; पण लोखंडाने जमीन विषारी होते, म्हणून शेतकरी त्याला हात लावीनात. गिऱ्हाईक मिळायला दोन वर्षे गेली. लक्ष्मणरावांनी धीर सोडला नाही, म्हणून १९१० साली किर्लोस्करवाडी उभी राहिली.

बरे, भांडवलदार भेटला म्हणजे झाले, असेही नाही. मुंबईच्या शंकर आबाजी भिशांनी छपाईचे खिळे ओतणारे यंत्र शोधले. ते लंडनला गेले, सर रतन टाटांचा पैसाही पाठीशी आला. तरी त्या यंत्राचा धंदा म्हणावा तसा बसला नाही. १९३५ साली ते न्यूयॉर्कात वारले.

म्हणून माझे म्हणणे असे: आधी अर्ज करा. मग दहाच यंत्रे करून दहा घरांत द्या. मूठ कुठे बोचते, दाणा किती फुटतो, बाई त्याला किती पैसे मोजील, हे हंगामभर पाहा. कारखाना स्वतः काढायचा की रॉयल्टी घेऊन दुसऱ्याला द्यायचे, हा निवाडा त्यानंतरचा. ज्याच्यापाशी दहा गिऱ्हाइके आहेत, तो कारखानदारापुढे ताठ बसतो. ज्याच्यापाशी नुसती शाल आहे, तो सांगेल त्या भावाला मान डोलावतो.

विकणे हलके काम, हा आम्हां पांढरपेशांचा जुना सोवळेपणा आहे. तो या दिवाळीत नरकासुराबरोबर जाळून टाका.

त्या पोराने आता दुसरे यंत्र केले आहे. या वेळी आधी अर्ज झाला. मी भाषण केले नाही. रोख पैसे मोजून यंत्र घरी आणले. चार दिवसांनी आमच्या घरातून निरोप गेला, "दांडा आखूड आहे."

त्याने तो लांब केला.