वारशाला मान, वर्गात मनाई

पोल मोलाक हे फ्रान्सच्या ब्रिटनी प्रांतातले खासदार. राजकारणात येण्यापूर्वी ते शाळेत शिकवत असत, ब्रेटन भाषाही शिकवत. त्यांनी मांडलेले प्रादेशिक भाषांचे विधेयक ८ एप्रिल २०२१ रोजी पॅरिसच्या राष्ट्रीय सभेत २४७ विरुद्ध ७६ मतांनी मंजूर झाले. शाळेत प्रादेशिक भाषा शिकवायला वाट देणाऱ्या १९५१च्या देक्सोन कायद्यानंतर या भाषांसाठी एवढे मोठे पाऊल फ्रान्सने टाकले नव्हते. शिक्षणमंत्र्यांचा विरोध पत्करून सत्ताधारी बाकांवरच्या अनेकांनी बाजूने मत दिले.

पुढे जे घडले ते संतापजनक आहे. सत्ताधारी पक्षाच्याच साठेक खासदारांनी हा कायदा घटना परिषदेकडे, म्हणजे कायदे घटनेला धरून आहेत का ते तपासणाऱ्या संस्थेकडे, नेला. त्यांची तक्रार होती शाळांना गावांनी द्यायच्या पैशांच्या कलमाबद्दल. ते कलम परिषदेने राखले. जे कोणी विचारलेच नव्हते ते मात्र तिने स्वतःहून हाती घेतले आणि २१ मे रोजी दोन कलमे रद्द केली. त्यातल्या एकाने सरकारी शाळांना प्रादेशिक भाषेतून पूर्णवेळ शिकवण्याची मुभा दिली होती. दुसऱ्याने जन्मनोंदीत त्या भाषांची खास चिन्हे वापरू दिली होती. ब्रेटन नावातल्या ‘न’वरची नागमोडी रेघ प्रजासत्ताकाला चालली नाही. रेनच्या अपील न्यायालयाने २०१८ मध्येच असे चिन्ह फ्रेंचला अपरिचित नाही असे म्हटले होते, तरीही.

रेघेपेक्षा शाळेचा प्रश्न कितीतरी मोठा आहे. ब्रेटनच्या ‘दिवान’ शाळा १९७७ साली पालकांनी सुरू केल्या. तिथे बालवर्गात सगळे ब्रेटनमधून चालते. गणितही, मधल्या सुट्टीतले बोलणेही. फ्रेंच थोडी उशिरा येते आणि व्यवस्थित येते, कारण घरात, दुकानात, टीव्हीवर फ्रेंचच असते. भाषा विषय म्हणून शिकणे आणि भाषेतून शिकणे यातले अंतर मराठी वाचकाला समजावून सांगायला नको. ब्रिटनीत ते अंतर जीवघेणे आहे. आजोबा-आजींनी शाळेत ब्रेटन बोलल्याबद्दल गळ्यात अपमानाची खूण अडकवून घेतली, म्हणून त्यांनी मुलांशी ती बोलणे सोडले. आजच्या बहुतेक आईवडिलांना ती येत नाही. म्हणजे घर हे भाषेचे पहिले ठिकाण उरलेच नाही. ते काम आता शाळेनेच करायचे आहे. आठवड्यातल्या दोन-चार तासांनी ते होत नाही. विसाव्या शतकाच्या मध्याला ब्रेटन बोलणारे दहा लाखांच्या आसपास होते. २०१८च्या पाहणीत ते दोन लाखांवर आले आणि २०२४च्या पाहणीत जेमतेम एक लाख सात हजार उरले.

परिषदेचा आधार आहे घटनेचे दुसरे कलम: प्रजासत्ताकाची भाषा फ्रेंच आहे. हे वाक्य १९९२ साली घटनेत आले, तेव्हा इंग्रजीच्या आक्रमणापासून फ्रेंचला वाचवायचे आहे असे सांगितले गेले होते. आज त्याचा मार खातात ब्रेटन, बास्क आणि कॉर्सिकन. २००८ साली घटनेतच असेही लिहिले गेले की प्रादेशिक भाषा हा फ्रान्सचा वारसा आहे. या दोन वाक्यांचा मेळ परिषदेने असा घातला की वारसा म्हणून भाषेचा गौरव करा, पण मूल तिच्यात वाढेल अशी शाळा सरकारने चालवायची नाही. जिच्यात कोणी मोठे होणार नाही त्या भाषेचा वारसा ठेवायचा कुणासाठी?

निकालानंतर साधारण आठवड्याने ब्रिटनीतल्या गँगाँ या छोट्या गावात हजारो माणसे रस्त्यावर उतरली. राष्ट्राध्यक्ष मॅक्रॉन यांनाही प्रादेशिक भाषांच्या बाजूने बोलावे लागले. डिसेंबर २०२१ मध्ये शिक्षण खात्याने परिपत्रक काढून पूर्णवेळ माध्यमाला अध्यापनाची एक पद्धत म्हणून वाट करून दिली. दिलासा मिळाला हे खरे. पण परिपत्रक एका मंत्र्याच्या काळात निघते आणि दुसऱ्याच्या काळात मागे घेता येते. तीन वर्षांच्या मुलाला ब्रेटन बालवाडीत घालणाऱ्या आईवडिलांना पुढच्या पंधरा वर्षांची हमी हवी असते, आणि ती देण्याची ताकद परिपत्रकात नाही. म्हणून घटनाच बदला ही मोलाक यांची मागणी टोकाची नाही. दुसऱ्या कलमातले फ्रेंचचे स्थान तसेच राहू द्यावे आणि त्यापुढे, प्रादेशिक भाषांतून शिकवण्यास त्याने अडथळा येणार नाही, एवढे एक वाक्य जोडावे. त्याने फ्रेंचचे काहीही बिघडणार नाही.