गुपित कोणाचे?

देशाच्या सुरक्षेची गुपिते राखावीत, याला आमचा विरोध नाही. पण सुरक्षेच्या नावाखाली चुकाही झाकल्या जातात. ८ सप्टेंबर २००६ रोजी, शब-ए-बारातच्या दिवशी मालेगावच्या बडा कब्रस्तानात स्फोट झाले. मेले आमचेच, पकडलेही आमचेच. न्यायालयाने त्यांना २०१६ साली आरोपमुक्त केले. त्या दहा वर्षांचा हिशेब कोण देणार?

२००५ च्या माहिती अधिकार कायद्याचे कलम २४ गुप्तचर आणि सुरक्षा संस्थांना सूट देते. मात्र मानवी हक्कभंगाच्या आरोपांची माहिती त्या सुटीत बसत नाही. माहिती आयोगाच्या मंजुरीने ती ४५ दिवसांत द्यावीच लागते. हे आपल्यापैकी कितीजणांना ठाऊक आहे? मोर्चे, निवेदने पुष्कळ झाली. आता दहा रुपयांचे तिकीट लावून अर्ज लिहायला शिकू या. नकार मिळाला तर अपील करू, पण गप्प बसणार नाही.