गजकर्णाची ट्यूब आणि बुरशीचा पूल

पावसाळा आला की आपल्या वस्त्यांत घरोघरी कुणीतरी मांडी नाहीतर कंबर खाजवत असतं. सांगायची लाज वाटते. मग नाक्यावरच्या मेडिकलमधून ट्यूब आणायची, चार दिवसांत आराम पडला की फडताळात ठेवून द्यायची. आम्हीही हेच करत आलो. ही सवय महागात पडते, असं आमचं ठाम मत आहे.

बॅक्टेरियाची पेशी आपल्यापेक्षा फार वेगळी असते, म्हणून त्याला मारणारी औषधं पुष्कळ. बुरशीची पेशी मात्र बरीचशी आपल्यासारखीच. तिलाही केंद्रक असतं, ऊर्जा तयार करणाऱ्या तंतुकणिका असतात. तिच्यावर घाव घालायला गेलं की आपल्यालाही लागतो. २०२१ मध्ये काळ्या बुरशीच्या रुग्णांना अ‍ॅम्फोटेरिसिन द्यावं लागलं. ते किडनीला त्रास देतं, आणि तेही मिळेना, तेव्हा आपल्या शेजारी वर्ध्यात त्याचं उत्पादन सुरू करावं लागलं.

म्हणून शास्त्रज्ञ दोघांतले फरक शोधतात. एक फरक मोठा नवलाचा आहे. बुरशीच्या पेशीत तंतुकणिका आणि आंतर्द्रव्यजालिका यांना जोडणारा प्रथिनांचा एक पूल असतो. त्यावरून स्निग्ध पदार्थांची ने-आण होते आणि तंतुकणिका धड राहतात. २००९ मध्ये तो यीस्टमध्ये सापडला. माणसाच्या पेशीत इतर जोड आहेत, पण हा पूल नाही. तोंडात, अंगावर पांढरी बुरशी आणणाऱ्या कॅन्डिडामध्ये प्रयोगात हा पूल मोडला, तेव्हा तिची रोग करण्याची ताकद घटली. पुलावर नेम धरणारं औषध मात्र अजून दवाखान्यात आलेलं नाही.

तोवर हाती आहेत ती मोजकीच औषधं. तीही आपण बोथट करतोय. टर्बिनाफिनला दाद न देणारी गजकर्णाची बुरशी आपल्याच देशात पसरली. २०२० मध्ये तिला मिळालेल्या नावातही 'इंडो' आहे. मिसळीच्या ट्यूबमधलं क्लोबेटासोल खाज दाबतं, पण कातडीची प्रतिकारशक्तीही दाबतं. वरून बरं दिसतं, खाली बुरशी पसरते. अशी स्टिरॉइड मलमं चिठ्ठीशिवाय विकायची नाहीत, हा नियम आहे. पाळतं कोण?

दोष एकट्या दुकानदाराचा नाही. डॉक्टर सांगतात, कपडे उन्हात वाळवा, टॉवेल वेगळा ठेवा. एका खोलीत सहा माणसं, दोरी घरातच बांधलेली, तिथे हे कसं जमायचं? आमची मागणी साधी आहे: मनपाच्या दवाखान्यात एकाला गजकर्ण निघालं तर घरातल्या सगळ्यांना तपासा आणि औषध पूर्ण मुदतीचं द्या, चार दिवसांचं नको.

आणि बायाबापड्यांनो, फडताळातली ती अर्धी ट्यूब बाहेर काढा. तिच्यावर क्लोबेटासोल किंवा बीटामेथासोन लिहिलेलं असेल, तर ती सोबत घेऊनच डॉक्टरकडे जा.