रुग्णाला हात न लावणारा कॅन्सर संशोधक

गेल्या पंधरवड्यात धुळ्याकडचे एक गृहस्थ रक्तदाब तपासायला आले होते. दंडाचा पट्टा सोडत होतो तेव्हा म्हणाले, "डॉक्टर, मना पोऱ्या कॅन्सरवर काम करस, पन एक बी पेशंटले हात लावत नही. दिवसभर कॉम्प्युटर! हाई काय काम शे?" मुलगा बायोइन्फर्मेटिक्स घेऊन एम.एस्सी. झालेला, मुंबईकडे संशोधन करतो. तो डॉक्टर झाला नाही ही सल बापाच्या बोलण्यात होती. त्यांना दिलेले उत्तर वाचकांनाही सांगावेसे वाटते.

कर्करोग म्हणजे पेशीच्या आज्ञावलीत झालेला बिघाड. ही आज्ञावली सुमारे ३०० कोटी अक्षरांची असते. यंत्र ती लहान लहान तुकड्यांत वाचते. ते तुकडे जुळवायचे आणि गाठीतला मजकूर त्याच रुग्णाच्या रक्तातल्या मजकुराशी ताडून फरक शोधायचे, हे संगणकाशिवाय शक्य नाही. फरक पुष्कळ सापडतात, पण एस.टी.त पन्नास माणसे बसली तरी गाडी चालवतो एकच. तसे गाठीतले बहुतेक बदल नुसते प्रवासी असतात, रोग चालवणारे थोडे. तोच बदल अनेक रुग्णांत पुन्हा पुन्हा दिसतो का, याचा हिशोब करून चालक ओळखायचा. हेच त्या मुलाचे काम.

चालक सापडला की त्याला आवरणारे औषध शोधता येते. सी.एम.एल. या रक्ताच्या कर्करोगात ९ आणि २२ क्रमांकांच्या गुणसूत्रांची अदलाबदल होते, हे संगणकाच्या या युगाआधीच कळले होते. त्यावरची इमॅटिनिब ही गोळी २००१ साली अमेरिकेत मंजूर झाली. आज ती घेऊन अनेक रुग्ण वर्षानुवर्षे कामधंदा करतात.

आता आपल्याकडे पाहू. जळगाव-धुळ्याच्या पानटपऱ्यांवर तंबाखू-चुना मळणारे हात रोज दिसतात. गुटख्यावर राज्यात २०१२ साली बंदी आली, तरी माझ्याकडे तोंड न उघडणारे तरुण येतातच. गाल आणि हिरडीच्या मधल्या खाचेत होणारा कर्करोग हा आपला रोग. पाश्चात्त्यांच्या नमुन्यांवरून तो पुरता कळणार नाही. म्हणूनच खारघरचे ॲक्ट्रेक आणि बंगालमधील कल्याणीची जीनोमिक्स संस्था यांनी मिळून केलेले काम मला मोलाचे वाटते. २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात आधी ५० रुग्णांच्या गाठींची जनुके वाचली, मग आणखी ६० रुग्णांत पडताळा घेतला. पूर्वी माहीत असलेल्या जनुकांखेरीज या रोगात वारंवार बिघडणारी पाच नवी जनुके त्यातून पुढे आली. त्यावर लगेच औषध निघाले असे नाही. पण शत्रूचा पत्ता लागला.

हे ११० रुग्ण कोण होते? आपल्यासारखेच. माझा पारोळ्याकडचा एक रुग्ण मोठ्या रुग्णालयात संमतीपत्रावर सही करायला घाबरला. "कागदावर काय लिहून घेतील?" म्हणाला. भीती खोटी नव्हती. त्याला कोणी समजावूनच सांगितले नव्हते. संशोधनासाठी नमुना देणे ऐच्छिक आहे. नकार दिला म्हणून उपचार अडवता येत नाहीत. नमुना दिल्याने त्या रुग्णाला स्वतःला बहुधा फायदा होत नाही, हेही त्याला स्वच्छ सांगायला हवे. तरीही, समजून घेऊन शक्य असेल तर हो म्हणावे, असे माझे मत आहे. आपले नमुने नसतील तर आपल्या रोगाचा हिशोब कोण मांडणार?

पालकांनाही एक सांगणे. बारावीनंतर डॉक्टर नाही तर काहीच नाही, हा हट्ट सोडा. गणित आणि जीवशास्त्र दोन्हींची गोडी असलेल्या मुलाला हीही वाट मोकळी आहे. पुणे विद्यापीठात बायोइन्फर्मेटिक्सचे केंद्र १९८७ पासून आहे.

मात्र संगणक तुमची पुडी सोडवणार नाही. महिन्यातून एकदा आरशासमोर तोंड उघडून पाहा. पांढरा वा लाल चट्टा, दोन आठवड्यांत न भरणारी जखम दिसली तर डॉक्टरांना दाखवा. बायोप्सीचा रिपोर्ट जपून ठेवा.

ते गृहस्थ उठताना म्हणाले, "म्हणजे पोऱ्या बी डॉक्टरच ना?" मी म्हणालो, "मी एका वेळी एकच रुग्ण पाहतो. तो शंभरांचा रोग एकदम पाहतो." मग खिशातली तंबाखूची डबी त्यांनी माझ्या टेबलावर ठेवली. अजून न्यायला आलेले नाहीत.