बाटलीच्या आधी दुसरी टाकी

बुलढाणा जिल्ह्याला खारे पाणी नवे नाही. लोणारचे सरोवर आहे, संग्रामपूर-जळगाव जामोदकडे खारपाणपट्टा आहे. पण यातल्या कुठल्याच पाण्यात क्लाउनफिश तगणार नाही. समुद्राच्या पाण्याचा सामू आठच्या किंचित वर, लोणारचा दहाच्या आसपास. तिथे मुख्यतः जिवाणू आणि शेवाळच सुखाने नांदतात. बोअरच्या पाण्यातल्या क्षारांचे प्रमाणही समुद्राशी जुळत नाही. त्यामुळे टाकीत समुद्री मासे पाळणाऱ्या इथल्या हौशी माणसाला समुद्र पिशवीतून आणावा लागतो: आरओचे पाणी आणि लिटरमागे साधारण 35 ग्रॅम कृत्रिम समुद्री मीठ. ज्या पट्ट्यात माणसांनाच गोड्या पाण्यासाठी वणवण करावी लागते, तिथे माशासाठी आरओ चालवणे जरा खटकतेच. असो, हौसेला मोल नाही.

खरी पंचाईत पुढे होते. नवा मासा टाकीत सोडल्यावर काही दिवसांत त्याच्या अंगावर मिठाच्या कणांएवढे पांढरे ठिपके दिसतात, तो दगडाला अंग घासतो, कल्ले भराभर उघडझाप करतात. लगेच दुकानदाराला फोन जातो आणि कुठली तरी औषधाची बाटली टाकीत रिकामी होते. चार दिवसांत ठिपके जातात. बाटलीला गुण आला म्हणून सगळे खूश!

गुण बाटलीचा नसतो. क्रिप्टोकॅरिऑन इरिटन्स हा एकपेशीय परजीवी माशाच्या त्वचेखाली तीन ते सात दिवस पोसला जातो, मग आपणहून गळून पडतो आणि वाळूला, दगडाला, काचेला चिकटून कवच धरतो. त्या कवचातून काही दिवसांनी, कधी कधी कित्येक आठवड्यांनी, शेकडो पिल्ले बाहेर पडतात आणि पुन्हा मासा शोधतात. औषध लागू पडते ते फक्त या पोहणाऱ्या पिल्लांना. त्वचेखालचा आणि कवचातला परजीवी शाबूत राहतो. म्हणूनच दुसरी लाट पहिलीपेक्षा जोरात येते.

तांब्याचे औषध गुणकारी आहे, पण मोठे नाजूक. पाण्यातले मुक्त तांबे लिटरला 0.15 ते 0.20 मिलिग्रॅम या अरुंद पट्ट्यात दोन-तीन आठवडे टिकवावे लागते. कमी पडले तर उपयोग नाही, वाढले तर मासाच दगावतो. शिवाय दगड-वाळू तांबे शोषून घेतात, आणि कोळंबी, खेकडे, समुद्रफूल त्याने मरतात. म्हणजे सजवलेल्या टाकीत हे औषध ओतायचेच नसते. दुसरा उपाय गोड्या पाण्यातल्या माशाच्या नेमका उलट आहे. त्याच्या पांढऱ्या ठिपक्यांवर मीठ घालतात. इथे क्षारता हळूहळू लिटरला 16 ग्रॅमच्या खाली आणून तीन-चार आठवडे तिथेच ठेवतात. तिसऱ्या उपायाला औषधच लागत नाही: दर तीन दिवसांनी मासा स्वच्छ धुऊन, वाळवून पुन्हा भरलेल्या टाकीत हलवायचा, असे चार वेळा. गळून पडलेला परजीवी जुन्या टाकीतच राहतो.

तिन्ही उपायांना वेगळी, वाळू-दगड नसलेली टाकी लागते. मूळ टाकी तोवर माशांविना ठेवायची, किमान सहा आठवडे. इथल्या उन्हाळ्यात बाष्पीभवनाने क्षारता रोज सरकते आणि वीज गेली की हवेचा पंपही बंद पडतो. मुंबईत मरीन ड्राइव्हवर 1951 साली उभ्या राहिलेल्या तारापोरवाला मत्स्यालयाच्या दारातच समुद्र होता. खामगाव-मलकापूरला ती सोय नाही.

निदानाचे काय? तालुक्याच्या पशुवैद्यकीय दवाखान्याचा रोजचा व्याप गाई-म्हशींचा, आणि मत्स्यविज्ञान महाविद्यालय थेट नागपूरला. पण अंगावर बारीक सोनेरी भुकटीसारखा थर दिसला तर तो ॲमायलूडिनियम हा दुसरा परजीवी असू शकतो, आणि तो मासा दोन-तीन दिवसांत मारतो. कल्ल्यावरचा थोडा चिकट स्राव काचपट्टीवर घेऊन कनिष्ठ महाविद्यालयातल्या साध्या सूक्ष्मदर्शकाखाली धरला तरी बराच उलगडा होतो. जीवशास्त्राच्या शिक्षकांनी एवढी मदत करायला हरकत नसावी.

दुसऱ्या टाकीची तयारी नसेल, तर समुद्री मासा घेऊ नये. असेल, तर पैसे मोजण्याआधी दुकानदाराला विचारा की हा मासा इथे किती दिवस वेगळा ठेवला होता, आणि तुमच्यासमोर त्याला खायला घालायला सांगा. उत्तर द्यायला तो टाळाटाळ करू लागला, तर मासा तिथेच राहू द्या.