मांजरीचे केस गळतायत? आधी कारण शोधा, मग औषध

मांजरीच्या अंगावर टक्कल दिसले की घरात असेल ते मलम लावण्याचा मोह होतो. तो टाळायला हवा, कारण केसगळती हा आजार नसून लक्षण आहे.

कारण काय असू शकते?

▪ गोल चट्टा, तुटके केस, कोंडा : गजकर्ण. ही बुरशी घरातल्या मुलांनाही लागते.
▪ शेपटीच्या मुळाशी केस विरळ, त्यात काळे कण : पिसवा. ओल्या कापसावर हे कण लालसर होतात.
▪ पोटावरचे केस गायब, जखम नाही : सतत चाटणे. त्यामागे अॅलर्जी, दुखणे किंवा ताण असतो.

गजकर्णावर स्टेरॉईडचे मलम लावल्यास बुरशी वाढते. कुत्र्यांच्या पिसवांवरील पर्मेथ्रिनयुक्त औषधाने तर मांजर दगावू शकते.

केस व त्वचेचा नमुना सूक्ष्मदर्शकाखाली तपासला की उपचाराची दिशा ठरते. वर्धा जिल्ह्यातील पशुपालकांनी आधी जवळचा पशुवैद्यकीय दवाखाना गाठावा. गुंतागुंत असल्यास नागपूरचे पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे. गजकर्ण निघाल्यास मांजर वेगळे ठेवावे, अंथरूण गरम पाण्यात धुवावे. गेलेले केस बहुधा परत येतात. चुकीच्या औषधाने गेलेला जीव येत नाही.