चंद्रावर उजाडतं तेव्हा

संकष्टीला पोरांना गच्चीवर पिटाळायचं आणि खालून "दिसला का रे चंद्र?" विचारत राहायचं, हे आपल्याकडे घरोघरी चालतं. पण "आज चंद्र इतक्या उशिरा का येतो? आणि एका बाजूनं झिजलेला का?" असं पोरानं विचारलं, की आपण "शाळेत शिकवतील" म्हणून मोकळे होतो.

रविवारी गल्लीतल्या मुलांना जमवून मी अशाच प्रश्नांवर गप्पा मारते. चंद्र लहान-मोठा का दिसतो, असं विचारलं की बहुतेकांचं उत्तर एकच असतं. "पृथ्वीची सावली पडते." पुष्कळ मोठी माणसंही हेच सांगतात. सावली पडते ती चंद्रग्रहणात, आणि ते पौर्णिमेलाच होतं. रोजच्या कलांशी सावलीचा संबंध नाही. हे पाठ करून घेऊन पटत नाही, मुलाच्या हातात चेंडू द्यावा लागतो.

रात्री खोलीत एकच उघडा बल्ब लावा. तो सूर्य. विणकामाच्या सुईवर पांढरा चेंडू खोचा, नाहीतर मोसंबं घ्या. तो चंद्र. मुलाचं डोकं ही पृथ्वी. चंद्र हात लांब करून डोक्याच्या थोडा वर धरायचा. तोंड बल्बकडे असताना चेंडूची काळोखी बाजू दिसते, ती अमावास्या. आता जागच्या जागी डावीकडे हळूहळू वळायचं. आधी उजव्या कडेला कोर दिसते, पाव फेरीला अर्धा चंद्र आणि बल्बकडे पाठ झाली की पौर्णिमा. पुढे वळत गेलं की चंद्र पुन्हा झिजू लागतो. चेंडूचा अर्धा भाग मात्र सतत उजेडातच असतो. त्यातला आपल्याला किती दिसतो, एवढंच बदलतं.

तिसरीतल्या एका मुलीनं हे केलं आणि ओरडली, "आजी, म्हणजे अमावास्येला पलीकडे उजेड असतो!" मुलांना अमावास्येची भीती घालणाऱ्या मोठ्यांनी हे वाक्य लक्षात ठेवावं.

इथून चांद्रयानाची गोष्ट सोपी होते. २३ ऑगस्ट २०२३ रोजी संध्याकाळी ६ वाजून ४ मिनिटांनी 'विक्रम' चंद्राच्या दक्षिण ध्रुवाजवळच्या प्रदेशात उतरला. नागपंचमी होऊन दोनच दिवस झाले होते, आकाशात जवळजवळ अर्धा चंद्र होता. शुक्लपक्षात चंद्रावरच्या उजेड-अंधाराच्या मधली रेघ म्हणजे तिथल्या सूर्योदयाची रेघ. विक्रमच्या जागी नुकतंच उजाडलं होतं आणि इस्रोनं दिवस निवडला तो त्यासाठीच. विक्रम आणि 'प्रज्ञान' बग्गी दोघंही उन्हावर चालणारी, आणि चंद्रावरचा एक दिवस आपल्या साधारण चौदा दिवसांचा. तेवढ्यात प्रज्ञाननं शंभर मीटरहून अधिक चाल केली. मग सप्टेंबरच्या सुरुवातीला दोघांना निजवलं. तिथल्या रात्री थंडी शून्याखाली शंभर अंशांच्याही पलीकडे जाते. पुन्हा उजाडल्यावर बंगळूरहून हाका मारल्या, पण ती दोघं उठली नाहीत. हे सांगताना मुलं गप्प होतात. त्यांना मी सांगते, काम पुरं करूनच ती झोपली.

आता संकष्टीचं उत्तर. पौर्णिमेला चंद्र सूर्यास्ताच्या वेळीच उगवतो. पुढे तो रोज सरासरी पन्नास मिनिटं उशिरा येतो, म्हणून चतुर्थीला रात्रीचे नऊ-साडेनऊ वाजतात. उशिरा उगवतो म्हणून उशिरा मावळतो. दुसऱ्या दिवशी सकाळी शाळेला निघताना मुलांना पश्चिमेकडे बघायला सांगा, ढग नसले तर दिवसाउजेडी चंद्र दिसेल.

येत्या अमावास्येनंतर मुलाला एक कोरी वही द्या. रोज संध्याकाळी चंद्राचं चित्र, तारीख आणि वेळ, एवढंच लिहायचं. ढगाळ दिवशी पान कोरं ठेवायचं, अंदाजानं चित्र काढायचं नाही. पौर्णिमेपर्यंत वही भरली, की ती मुलाकडून समजावून घ्या. त्या दिवशी शिकवायचं त्यानं आणि ऐकायचं आपण.